दारातली गाडी आणि दारापुढची जागा

परदेशात घर घेतले की मराठी माणसाला आधी दोन प्रश्न पडतात. देवघर कुठे मांडायचे आणि गाडी कुठे लावायची. पहिला प्रश्न आमच्याकडे हिने एका संध्याकाळी सोडवला. दुसऱ्याने जवळजवळ एक वर्ष खाल्ले. त्या वर्षात मी जे कागद वाचले, ज्या खेपा घातल्या आणि जे शिकलो ते आपल्या मंडळींच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच. आपल्यापैकी बरेच जण भाड्याच्या फ्लॅटमधून स्वतःच्या घरात जाण्याच्या बेतात आहेत. त्यांनी तरी हे सही करण्याआधी वाचावे, नंतर नको.

आमचे घर म्हणजे या देशात जिकडे तिकडे दिसणारे रांगेतले घर. दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत, मागे छोटी बाग, पुढे सहा मीटर खोल आणि साडेपाच मीटर रुंद अंगण. त्यापुढे फुटपाथ आणि त्याच्या कडेला एकामागे एक लावलेल्या गाड्या. संध्याकाळी साडेसहानंतर घरी आलो तर आमच्या रस्त्यावर जागा मिळत नाही. मग दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावून चालत यायचे. आम्हाला त्याचे फारसे वाटत नसे. पण दर उन्हाळ्यात आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी येते. तिचे गुडघे दुखतात. पावसात, वाऱ्यात ती माझा हात धरून, मध्ये दोनदा थांबत घरापर्यंत यायची. एकदा म्हणाली, "अरे, एवढं अंगण आहे तुझं दारापुढं. गाडी आत का नाही घेत?"

प्रश्न साधा होता आणि मला तो एकदम पटला. त्यातच आम्ही विजेवर चालणारी गाडी घेतली होती. गाडी अंगणात आली की भिंतीवरून तार ओढून रात्री चार्ज करता येईल, असाही हिशेब होता. जागा माझी, गाडी माझी, वीजही माझीच. यात विचारायचे कुणाला? मी फरशा बसवणाऱ्या माणसाला बोलावले. त्याने टेपने अंगण मोजले, किंमत सांगितली आणि जाता जाता विचारले, "आणि इनरिटचा परवाना आहे ना?"

अंगण तुमचे, फुटपाथ सगळ्यांचा

इथे पहिली गोष्ट समजून घ्यायला हवी. अंगणात फरशा घालणे आणि त्या फरशांवर गाडी आणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगण आपल्या मालकीचे. पण गाडी हवेतून उडत येत नाही, ती फुटपाथ ओलांडून येते. फुटपाथ आणि त्याची कड सार्वजनिक. ती कड खाली करून गाडीला वाट करून देणे याला रोजच्या बोलण्यात इनरिट म्हणतात, कायद्याच्या भाषेत आउटवेख. त्यासाठी खेमेंतेची, म्हणजे आपल्या नगरपालिकेची, परवानगी बहुतेक गावांत लागते. काही गावांत नुसती आगाऊ सूचना देऊन भागते. म्हणून आपल्या गावचा नियम आधी पाहावा.

हे नियम पूर्वी प्रत्येक गावाच्या स्थानिक नियमावलीत असत. तिला इकडे तीन अक्षरांवरून आपेफे म्हणतात. डच नगरपालिकांच्या संघटनेने तिचा एक नमुना तयार करून ठेवला आहे आणि पुष्कळ गावांनी तो थोड्याफार फरकाने उचलला आहे. 1 जानेवारी 2024 पासून नवा पर्यावरण व नियोजन कायदा, म्हणजे ऑमखेव्हिंग्सवेट, लागू झाला. त्या दिवशी सगळे जुने जमीनवापर आराखडे प्रत्येक गावाच्या एकाच ऑमखेव्हिंग्सप्लानमध्ये सामील झाले. आपेफेतले इनरिटसारखे नियमही टप्प्याटप्प्याने तिकडे हलवायचे आहेत. अर्ज ऑमखेव्हिंग्सलोकेट नावाच्या सरकारी खिडकीतून संगणकावरच करता येतो. अर्जाला शुल्क असते, ते गावागावानुसार वेगळे. निर्णयाला साधारण आठ आठवडे लागतात आणि नगरपालिकेला आणखी सहा आठवडे वाढवून घेता येतात.

नमुना नियमावलीत नकाराची कारणे चारच आहेत. पहिले, इनरिटमुळे रस्त्यावरच्या वाहतुकीला धोका होत असेल. दुसरे, गरज नसताना एखादी सार्वजनिक पार्किंगची जागा जात असेल. तिसरे, सार्वजनिक झाडे-हिरवळ यांचे न पटणारे नुकसान होत असेल. चौथे, त्या घराला आधीच एक इनरिट असेल आणि दुसरीमुळे पार्किंगची जागा किंवा हिरवळ जाणार असेल. मी ही कारणे वाचली आणि मनाशी म्हटले, आमच्या रस्त्यावर झाड नाही, वळण नाही, पहिली इनरिटही नाही. उरले दुसरे कारण. पण माझी गाडी रस्त्यावरून उचलून अंगणात येणार, म्हणजे रस्त्यावरची एक जागा रिकामी होणार. फायदा सगळ्यांचाच! मी अर्ज भरला, नकाशा जोडला, शुल्क भरले आणि निश्चिंत झालो.

सात आठवड्यांनी नकार आला. कारण दुसरे.

एक अधिक, एक उणे आणि वर 0.2 चा तोटा

मला राग आला, हे कबूल करतो. तीन घरे सोडून एकाच्या अंगणात गाडी उभी होती, ती मला रोज दिसत होती. त्याला चालते आणि मला नाही? आपण बाहेरचे म्हणून तर नाही ना, हा विचारही मनात येऊन गेला. परदेशात राहणाऱ्याच्या मनात तो फार पटकन येतो. मी त्याच रात्री हरकतीचा मसुदा लिहिला. अशा निर्णयावर सहा आठवड्यांत लेखी हरकत घेता येते, तिला बेझ्वार म्हणतात. तीही फेटाळली तर न्यायालय आणि शेवटी हेगमधील राद फान स्टाट, इथपर्यंत वाट आहे. मी शेवटपर्यंत जायच्या तयारीत होतो.

हरकत पाठवल्यावर नगरपालिकेतून एका बाईंचा फोन आला. सुनावणीआधी फोनवर बोलून घेण्याची पद्धत इथे बऱ्याच ठिकाणी आहे. त्यांनी अर्धा तास शांतपणे मला एक गणित समजावून सांगितले. ते मी इथे जसेच्या तसे मांडतो, कारण या विषयाचे मर्म त्यातच आहे.

फुटपाथला समांतर उभ्या राहणाऱ्या गाडीला साधारण सहा मीटर कड लागते. इनरिट तीन मीटर रुंद असली तरी तिच्यापुढे कुणी गाडी लावू शकत नाही. 1990 च्या वाहतूक नियमांनुसार इनरिटपुढे पार्किंग करण्यास मनाई आहे, पाटी असो वा नसो. उरलेल्या तीन मीटरांत गाडी मावत नाही. म्हणजे रस्त्यावरची एक पूर्ण जागा गेली. त्या बदल्यात अंगणात एक जागा आली. बरोबरी झाली, असे मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "नाही. रस्त्यावरची जागा दिवसभर कुणालाही वापरता येते. तुमच्या अंगणातली फक्त तुम्हाला. तुम्ही कामावर असाल तेव्हा ती रिकामी पडून राहते."

हा नुसता त्यांचा युक्तिवाद नव्हता. डच वाहतूक आणि बांधकाम क्षेत्रात क्रो नावाची एक संस्था आहे. 1987 मध्ये स्थापन झालेली ही संस्था रस्त्यांच्या मापापासून पार्किंगच्या आकडेवारीपर्यंत सगळ्याची मार्गदर्शक पुस्तके काढते. तिचे आकडे म्हणजे कायदा नव्हे. पण बहुतेक नगरपालिका त्यांच्यावरूनच आपली पार्किंगची मानके ठरवतात. त्या पुस्तकात खाजगी जागांचे मोल किती धरायचे, याचा एक तक्ता आहे. एका गाडीच्या अंगणातल्या जागेचे मोल 1 नव्हे, 0.8. एकामागे एक दोन गाड्या मावतील अशी लांब जागा असेल तर 2 नव्हे, 1.0, कारण मागची गाडी काढायला पुढची हलवावी लागते आणि माणसे कंटाळून एक गाडी रस्त्यावरच ठेवतात. शेजारी शेजारी दोन गाड्यांची रुंद जागा असेल तर 1.7. आणि गंमत म्हणजे, पुढे मोकळी जागा नसलेल्या नुसत्या गॅरेजचे मोल 0.4!

गॅरेजचा आकडा ऐकून मी हसलो. आपल्याच ओळखीच्या घरांतली गॅरेजे डोळ्यांपुढे आली. चार सायकली, जुना सोफा, गणपतीचे मखर, भारतातून आणलेल्या बॅगा, तांदळाची पोती. गाडी बाहेर. क्रोच्या मंडळींनी आपल्या घरांत डोकावून आकडा काढला असावा, असे वाटले.

थोडक्यात, माझ्या इनरिटने गल्ली एक जागा गमावणार आणि 0.8 कमावणार. माझ्या एकट्याच्या बाबतीत 0.2 म्हणजे काहीच नाही. पण आमच्या रांगेतल्या पंधराही घरांनी तेच केले, तर ज्यांच्याकडे दोन गाड्या आहेत त्यांची दुसरी गाडी, प्रत्येकाचे पाहुणे, पार्सलवाला, नळ दुरुस्त करणारा, डॉक्टर यांना उभे राहायला जागाच उरणार नाही. मानकांत पाहुण्यांचाही हिस्सा धरलेला असतो, घरामागे साधारण 0.3. तो रस्त्यावरच भागवावा लागतो, कारण पाहुणा शेजाऱ्याच्या अंगणात गाडी लावू शकत नाही.

तीन घरे पलीकडच्या इनरिटचे काय, हेही मी विचारलेच. ती रस्त्यावर एवढी गर्दी नव्हती तेव्हाची, जुन्या नियमांखाली मिळालेली. जुन्या परवानगीमुळे आज प्रत्येकाला ती द्यावीच लागते असे नाही. निर्णय ज्या दिवशीचा, त्या दिवशीची परिस्थिती आणि धोरण पाहिले जाते.

ही मानके आली कुठून

फोन ठेवल्यावर मी या विषयाच्या मुळाशी जायचे ठरवले. इंजिनियरला एकदा आकडा दिसला की स्वस्थ बसवत नाही.

इमारतीबरोबर पार्किंग बांधलेच पाहिजे, ही कल्पना मूळची अमेरिकेची. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराने 1923 मध्ये फ्लॅटच्या इमारतींना तशी अट घातली. युद्धानंतर मोटारी वाढल्या तशी ती कल्पना युरोपातही आली. हॉलंडमध्ये ती बांधकाम नियमावलीच्या 2.5.30 या कलमात बसली. इमारतीच्या वापरामुळे जेवढ्या गाड्या येणार, तेवढ्यांसाठी पुरेशी जागा इमारतीत, तिच्याखाली किंवा तिच्या आवारात असावी, असा त्याचा आशय. 1 जुलै 2018 ला त्या कलमाचा अंमल संपला आणि तेव्हापासून पार्किंगची अट जमीनवापराच्या आराखड्यातच लिहावी लागते. म्हणून आज मानक शोधायचे तर गावचा आराखडा आणि त्याला जोडलेले पार्किंगचे धोरण पाहावे.

पण डच लोकांनी मोटारीला मोकळे रान कधीच दिले नाही, असे मात्र नाही. साठच्या दशकात इथेही मोटारीचेच राज्य येऊ घातले होते. 1967 मध्ये डेव्हिड योकिनेन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने ॲमस्टरडॅममधल्या जुन्या वस्त्या पाडून मोटाररस्ते थेट शहरात आणण्याची योजना मांडली होती. ती झाली नाही. 1972 साली या छोट्या देशात रस्त्यांवर 3,200 हून अधिक माणसे मेली, त्यांत मुले पुष्कळ होती, आणि लोक रस्त्यावर उतरले. त्याच सुमारास डेल्फ्टमध्ये वोनेर्फचा प्रयोग रुजला. वोनेर्फ म्हणजे रस्ता हेच अंगण. तिथे माणसाने पूर्ण रुंदीत चालावे, मुलांनी खेळावे आणि गाडीने त्यांच्या मागून हळू यावे. 1976 मध्ये त्याला कायद्यात जागा मिळाली. निळ्या पाटीवर घर, खेळणारे मूल आणि गाडी दिसली की समजावे वोनेर्फ सुरू झाला. तिथे पी अक्षराने किंवा तशा खुणेने दाखवलेल्या जागीच गाडी लावता येते. मोकळी जागा दिसली म्हणून लावली तर दंड. आपल्या पाहुण्यांना हे आवर्जून सांगावे.

आज या देशात सुमारे 90 लाख मोटारी आहेत आणि माणसे सुमारे 1 कोटी 80 लाख. म्हणजे दोन माणसांमागे एक गाडी. गाडी तर दिवसातला बहुतेक वेळ उभीच असते. एका जागेला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर लागतात, आत-बाहेर करायची जागा वेगळी. मुंबईत तेवढ्यात एक खोली बसते.

मुंबईचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडचा हिशेबही आठवला. आपल्याकडेही नियम नाहीत असे नाही. मुंबई आणि काही क्षेत्रे वगळून महाराष्ट्रासाठी डिसेंबर 2020 मध्ये एकत्रित विकास नियमावली आली. तिच्यात सदनिकेच्या आकारानुसार मोटारी आणि स्कूटर किती धरायच्या, याचा तक्ता आहे. 31 ऑगस्ट 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात निकाल दिला की खांबांमधली स्टिल्टची पार्किंग ही गॅरेज नव्हे, ती सामायिक जागा आहे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. विचार तोच, जागा सगळ्यांची. फरक आहे तो गेटबाहेर. पुण्यात आमच्या बंगल्याच्या गेटवर "गेटसमोर गाडी लावू नये, हवा सोडली जाईल" अशी पाटी होती, आणि वडिलांनी ती हातानेच रंगवली होती. गेटसमोरचा रस्ता आपलाच, अशी आमची ठाम समजूत. तो कुणाचा, हे आम्ही कधी कुणाला विचारले नाही आणि आम्हालाही कुणी विचारले नाही. तीच पाटी मनात घेऊन मी इथे अर्ज करायला गेलो होतो.

समोरच्या आजीबाई

सुनावणीला दोन आठवडे होते. माझी बाजू भक्कम करावी म्हणून मी रोज रात्री साडेदहाला आणि सकाळी गल्लीतल्या रिकाम्या जागा मोजून वहीत लिहू लागलो. अशाच एका शनिवारी सकाळी समोरच्या आजीबाईंनी खिडकीतून मला हात केला. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या राहतात. परवान्यांचे अर्ज इथे जाहीर होतात, त्यामुळे माझा अर्ज त्यांना ठाऊक होता. त्यांनी कॉफी दिली, सोबत नेमाने एकच बिस्किट, आणि थेट विषयाला हात घातला.

"तुम्ही काय मोजता?"

मी सांगितले.

"मग सकाळी आठलाही मोजा. आणि रात्री नऊलाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा माझी नर्स येते. पायाला पट्ट्या बांधायला आणि काढायला. ती तुमच्याच घरापुढे गाडी लावते, कारण तिथे जागा मिळते. जागा नाही मिळाली तर ती दोन गल्ल्या पलीकडून चालत येते. तिच्या यादीत माझ्यानंतर आणखी माणसं असतात. ते दहा मिनिटं ती माझ्यातूनच कापते."

त्या तक्रारीच्या सुरात बोलत नव्हत्या. हरकत घेणार का, असे मी विचारले तर म्हणाल्या, "परवाना मिळाला असता तर घेतली असती. तुम्हाला आधी सांगूनच घेतली असती."

घरी येऊन मी आईला ते सगळे सांगितले. आई तेव्हा इथेच होती. तिला तिच्या गुडघ्यांसाठीच तर मी हे सगळे करत होतो. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "माझे तीन महिने. त्या बाईंचं रोजचं आहे." मग म्हणाली, "मला दारात सोड आणि तू जा की गाडी लावायला. पाय माझे दुखतात, तुझे नाही."

एवढी साधी गोष्ट मला वर्षभरात सुचली नव्हती. वाहतूक नियमांत पार्किंगची व्याख्याच अशी आहे की माणसे चढवण्या-उतरवण्यापुरते किंवा सामान काढण्या-ठेवण्यापुरते लगेच होईल एवढे थांबणे म्हणजे पार्किंग नव्हे. थांबण्यासच बंदी असलेली जागा सोडली, तर दारापुढे क्षणभर थांबून आईला उतरवायला कुणाचीच हरकत नाही. मी हरकत मागे घेतली. चार्जिंगसाठी सार्वजनिक खांबाची मागणी नगरपालिकेकडे नोंदवली. काही महिन्यांनी तो कोपऱ्यावर उभा राहिला आणि आता तो आमच्याइतकाच इतरांच्या कामी येतो.

घर घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी

आता माझ्या अनुभवातून आणि वाचनातून निघालेले चार शब्द.

एक, अंगण असलेले घर घेताना "इथे गाडी बसेल" या दलालाच्या वाक्यावर विसंबू नका. अधिकृत इनरिट आहे का, हे नगरपालिकेला लेखी विचारा. खाली केलेली कड नसताना कडेवरून गाडी चढवून आत घेणारे लोक आहेत. त्यांना नगरपालिका दंडाच्या अटीसह नोटीस देऊ शकते, आणि त्यांच्यापुढे कुणी गाडी लावली तर त्यांना तक्रारही करता येत नाही.

दोन, नव्या वसाहतीतल्या घराला गाडीची जागा आधीच असेल तर खरेदीखत नीट वाचा. ती जागा मोजूनच वसाहतीला परवानगी मिळालेली असते. म्हणून ती पार्किंगसाठीच राखण्याची अट पुष्कळदा खतात असते आणि पुढच्या मालकालाही ती बांधून राहते. तिथे बाग केली किंवा गॅरेजची खोली केली, तर अटीचा भंग होतो.

तीन, पैसे भरून गाडी लावण्याच्या भागात घर असेल तर रस्त्यावरचा रहिवासी परवाना मिळेल का, ते सही करण्याआधी विचारा. स्वतःच्या आवारात जागा असेल तर पुष्कळ गावे तेवढे परवाने वजा करतात. ॲमस्टरडॅमने 2017 च्या धोरणात नव्या इमारतींतल्या रहिवाशांना रस्त्यावरचा परवाना न देण्याचे ठरवले. 2019 मध्ये तर रस्त्यावरच्या सुमारे 10,000 जागा काढण्याचे ठरले. आपल्या ओळखीत एका कुटुंबाने नवा फ्लॅट घेतला आणि किल्ल्या हातात आल्यावर कळले की गाडीला परवाना नाही. असे कुणाचे होऊ नये.

चार, मानके आता वर नव्हे, खाली चालली आहेत. ॲमस्टरडॅमच्या जुन्या पाणीपुरवठा केंद्राच्या जागेवर नव्वदच्या दशकात खेवेएल वसाहत झाली. तिथे सुमारे 600 घरे आणि रहिवाशांच्या गाड्यांना जेमतेम 110 जागा. युट्रेख्टमध्ये मेरवेदे नावाच्या वसाहतीत सुमारे 6,000 घरांची योजना आहे, तिथे घरामागे साधारण 0.3 गाडीचा हिशेब आहे. बाकीच्यांनी सायकल, ट्राम आणि सामायिक गाडी वापरावी ही अपेक्षा. ज्यांच्या घरात दोन नोकऱ्या दोन दिशांना आहेत, त्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

आणि एक जोड. ज्यांना किंवा ज्यांच्या घरच्यांना सलग 100 मीटरसुद्धा चालता येत नाही आणि तो त्रास किमान सहा महिने टिकणारा आहे, त्यांनी अपंगांच्या पार्किंग कार्डासाठी नगरपालिकेकडे अर्ज करावा. ते कार्ड इथल्या रहिवाशाला मिळते आणि युरोपीय संघातल्या इतर देशांतही चालते. पुढे त्यावर दारापुढची राखीव जागाही मागता येते. भेटीला आलेल्या आईवडिलांना मात्र ते इथे मिळत नाही. त्यांना आपण दारात उतरवायचे.

आमच्या अंगणात फरशा आल्याच नाहीत. अंगणातल्या फरशा उखडून माती मोकळी करण्याची गावागावांत स्पर्धा लागते, 2021 पासून ती देशभर चालते. फरशीवरचे पाणी सरळ गटारात जाते, मातीत मुरत नाही, हे तिचे कारण. आम्ही स्पर्धेत उतरलो नाही, पण आईने त्या मातीत मेथी लावली आणि जाण्याआधी एक जुडी समोरच्या आजीबाईंना नेऊन दिली. तिचे काय करायचे ते त्यांना कळले नाही. आता दर उन्हाळ्यात आई आली की पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे पराठे जातात. सकाळी आठला नर्सची पांढरी गाडी आमच्या दारापुढे उभी राहते. तोवर मी कामावर निघालेलो असतो आणि जागा रिकामी असते.